'ती हो म्हणाली होती' असं मारणाराच सांगतो तेव्हा

मलप्रभा

भाचा हुबळीला लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेच्या आधी चार दिवस माझ्याकडे टिळकवाडीत येऊन राहतो, कारण त्याच्या घरी टीव्ही कधी बंद होत नाही. परवा मी भाकऱ्या थापत होते आणि तो कट्ट्याला टेकून मोठ्यानं पाठ करत होता : "मरणारी व्यक्ती अठरा वर्षांवरची असेल आणि तिनं स्वतःच्या संमतीनं मरण किंवा मरणाचा धोका पत्करला असेल, तर तो सदोष मनुष्यवध, पण खून नव्हे." परातीतला हात तसाच राहिला. म्हटलं, पुन्हा वाच बघू. वाचलं त्यानं. म्हटलं, मेलेल्या माणसानं हो म्हटलं होतं हे कोर्टाला कोण सांगणार? "मारणाराच सांगणार की मावशी, तिथं दुसरं असतंय कोण?" आणि पान उलटलं.

रात्री जेवताना त्यानं इंग्लंडातलं एक प्रकरण सांगितलं. २०१६ साली एका बाईला जोडीदारानं घरातल्या जिन्याच्या पायथ्याशी तसंच पडू दिलं. अंगावर चाळीसहून जास्त जखमा. त्याचं म्हणणं, जे झालं ते दोघांच्या मर्जीनं, शय्येतला खेळ म्हणून. खुनाचा आरोप मध्येच गळाला, हलगर्जीनं मृत्यू एवढंच त्यानं कबूल केलं आणि शिक्षा झाली तीन वर्षं आठ महिने. दुसरं न्यूझीलंडातलं, २०१८ चं. फिरायला गेलेली ब्रिटिश मुलगी, ऑकलंडच्या हॉटेलात गळा दाबून मेली. तिथंही "तिलाच तसं हवं होतं" हाच बचाव. ज्युरीनं तो मानला नाही, जन्मठेप झाली. पण तोवर त्या मुलीच्या आवडीनिवडी, डेटिंग अॅपवरच्या गप्पा सगळं कोर्टात उघड्यावर मांडून झालं होतं, आणि तिचे आईवडील समोर बसलेले.

मला झोप लागली नाही नीट. प्रश्न एवढाच : आपल्याकडे हा बचाव चालतो का? कधी चाललाय का? वकील मंडळींनी सांगावं. बाकीच्यांनीही लिहा, पण जरा भान ठेवून.

खानापूरकर

ताई, हे साहेबांच्या देशातलं हो. आपल्याकडं कोर्टात उभा राहून असलं कोण सांगणार? गावात तोंड दाखवायला जागा उरंल काय? उगच डोक्याला ताप करून घेऊ नका.

निपाणीकडचा

खानापूरकर, खून करून गावात तोंड दाखवायला जागा उरते, फक्त 'तसलं' बोलून उरत नाही, असं म्हणालाय की काय तुम्ही?

खानापूरकर

तसं न्हवं ओ. शब्दात पकडू नका.

कोर्टकाका

बेळगावच्या कोर्टाच्या आवारात चौतीस वर्षं काढली, आता गुडघ्यांमुळे घरी. भाच्याचं पाठांतर बरोबर आहे. जुन्या भादंविचं कलम ३००, अपवाद ५. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १०१ खाली तोच अपवाद तसाच आलाय. कायदा नवा म्हणून गाजावाजा झाला, पण हे वाक्य १८६० चंच आहे. खुनाला फाशी किंवा जन्मठेप. अपवादात बसलात तर कलम १०५, म्हणजे जन्मठेप होऊ शकते, पण पाच ते दहा वर्षांतही भागतं.

आता फरक नीट समजून घ्या. आपल्या कायद्यात संमतीच्या दोन खोल्या आहेत. पहिली, जुनं कलम ८७, आता २५. दोघे आखाड्यात उतरले, नियमानं कुस्ती झाली आणि एकाचा हात मोडला तर दुसऱ्यावर गुन्हा नाही, कारण दोघांनी तो धोका पत्करला होता. (कायद्याच्या पुस्तकात उदाहरण तलवारबाजीचं आहे, मी शिकवताना आनंदवाडीचा आखाडा सांगायचो, पोरांच्या लगेच ध्यानात यायचं.) पण या खोलीच्या दारावर पाटी आहे : जीव घ्यायचा किंवा जबर दुखापत करायचा हेतू नसावा, आणि तसं होईल याची जाणीवही नसावी. गळा दाबणाऱ्याला ती जाणीव नव्हती असं म्हणणं अवघड. दुसरी खोली हा अपवाद ५. इथं संमतीनं माणूस सुटत नाही, पण खून हा शब्द पुसला जातो.

इंग्लंडात उलटं. १९९३ सालीच हाऊस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन अशा मतांनी ठरवलं होतं की शरीरसुखासाठी केलेल्या इजेला संमती हा बचाव नाही. तरीही वकील तेच मांडत राहिले, कारण ते 'संमती होती म्हणून सोडा' असं म्हणत नव्हते. ते म्हणत होते, 'संमतीचं चाललं होतं म्हणजे मारायचा हेतू नव्हता, अपघात झाला.' शेवटी तिथल्या बायकांनी मोहीम चालवली आणि २०२१ च्या घरगुती अत्याचार कायद्यात कलम ७१ आलं. गंभीर इजेला अशी संमती चालणार नाही, असं लिहूनच टाकलं. पण अपघाताचं दार अजून किलकिलं आहेच. वकिलाला फट पुरते, हे मी अनुभवानं सांगतो.

घटप्रभा

काका, तेवढा 'कधी चाललाय का' हा प्रश्न राहिला.

कोर्टकाका

मुद्दाम ठेवला होता, चहा पिऊन लिहू म्हणून.

चाललाय. पाटणा हायकोर्ट, १९५८. नवरा दहावीत तीन वर्षं ओळीनं नापास झालेला. जगायचं नाही म्हणाला. बायको एकोणीसेक वर्षांची, लिहितावाचता येणारी. ती म्हणाली, आधी मला मार, मग स्वतःला. त्यानं तिला मारलं. स्वतःचं करायच्या आधी पकडला गेला. कोर्टानं म्हटलं, बाई सज्ञान होती, भीतीपोटी किंवा गैरसमजातून तिनं हो म्हटलेलं नाही, म्हणून अपवाद ५ लागू. पाच वर्षं सक्तमजुरी. आजही प्रत्येक लॉ कॉलेजात याच निकालानं हा अपवाद शिकवतात.

कुंदा_प्रेमी

दहावी नापास झाला म्हणून बायकोला मारलं?? आमच्या गल्लीत तर कोणीच उरलं नसतं.

मलप्रभा

कोर्टकाका, मला हसू आलं नाही. एकोणीस वर्षांची मुलगी. नवरा नापास झाला तर तिनं का मरायचं, हे कोणी विचारलं का?

घटप्रभा

मी जरा वेगळं बोलतो, शिव्या घालू नका. एक बाई सज्ञान आहे, शिकलेली आहे. तिनं एखाद्या गोष्टीला हो म्हटलं असेल तर तुम्ही आम्ही कोण ते नाकारणारे? प्रत्येक वेळी 'तिला काय कळतंय' म्हणायचं आणि वर स्त्री स्वातंत्र्याच्या गप्पा मारायच्या, हे दोन्ही कसं जमायचं? आणि खरोखरच दोघांनी मिळून विष घेतलं आणि एक वाचला, तर वाचलेल्याला खुनी म्हणून हिंडलग्याच्या जेलात आयुष्यभर ठेवायचं? माझ्या पाहण्यातलं एक जोडपं आहे. म्हणजे होतं. तो वाचला. त्या माणसाकडे बघवत नाही आजही.

वडगावची_वहिनी

घटप्रभा भाऊ, त्या जोडप्यातली ती वाचली असती आणि तो गेला असता तर गावानं तिच्याकडे कसं बघितलं असतं? तेवढं एकदा मनात आणून बघा. विष तिनंच घातलं म्हणाले असते की नाही?

घटप्रभा

... मान्य.

सरकारी_दवाखाना

मी फॉरेन्सिकची नाही, पण सरकारी नोकरीत तालुक्याला असताना शवविच्छेदनं केलीत, म्हणून दोन गोष्टी.

'खेळताना चुकून झालं' हे ऐकायला पटतं, कारण लोकांना वाटतं गळा दाबला की माणूस पटकन जातो. तसं नाही. मानेच्या रक्तवाहिन्यांवर नीट दाब पडला तर दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते. पण जीव जायला त्याच्यापुढे काही मिनिटं दाब तसाच ठेवावा लागतो. म्हणजे समोरची व्यक्ती निपचित पडल्यावरही हात सुटलेले नसतात. घड्याळ लावून एक मिनिट नुसतं बसून बघा, किती लांब असतं ते. आणि बेशुद्ध माणसाची कसली आलीय संमती? आधी हो म्हटलं असेल तरी ती तिथंच संपली.

दुसरं. शरीर बोलतं, वाचणारा हवा. गळफासाचा वण सहसा वरच्या बाजूला, तिरका आणि एकीकडे तुटलेला असतो. दोरीनं आवळलं असेल तर वण खाली, आडवा आणि बहुधा सलग. हातानं दाबलं असेल तर नखांचे अर्धचंद्र, आतल्या स्नायूंत रक्त उतरलेलं, डोळ्यांत बारीक लाल ठिपके. पण कधी कधी बाहेरून जवळजवळ काहीच दिसत नाही. मान थर थर उलगडत बघितली नाही तर सुटून जातं. रात्री आठला बल्बच्या उजेडात, बाहेर नातेवाईक 'लवकर सोडा हो, अंत्यविधी व्हायचाय' म्हणून उभे. मी कुठल्या दवाखान्याबद्दल बोलतेय ते विचारू नका.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई गेली तर पंचनाम्याला तहसीलदार यावे लागतात. तो नियम हुंडाबळींनी आणलाय आणि त्याचा उपयोग होतो. आठव्या वर्षी मेलेल्या बाईसाठी तसा धाक राहत नाही.

आणखी एक, जाता जाता. २००८ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. ज्या बाईचा जोडीदारानं आधी एकदा गळा दाबलाय, तिचा पुढे खून व्हायचा धोका सातपटीहून जास्त निघाला. इंग्लंडात त्याच २०२१ च्या कायद्यानं नुसता गळा दाबणं हाच वेगळा गुन्हा केला, ती मेली नाही तरी. आपल्या नव्या संहितेत तसं वेगळं कलम नाही. ओपीडीत 'घसा बसलाय' म्हणून येतात बायका. पदर काढून बघितला की कळतं घसा कशानं बसलाय.

निपाणीकडचा

डॉक्टर मॅडम, शेवटची ओळ वाचून मोबाईल बाजूला ठेवला.

पोथीवाला

इतिहासाच्या अंगानं थोडं. 'तिची मर्जी होती' हा बचाव आपल्याला इंग्लंडाकडून शिकायची गरज नाही. सतीचं काय होतं? १८२९ च्या आधी कंपनी सरकारचा दंडक असा की पोलिसानं चितेजवळ जाऊन बाई राजीखुशीनं बसतेय ना, अल्पवयीन नाही ना, नशा दिली नाही ना, एवढं बघायचं. राजीखुशी असेल तर जाळायला हरकत नाही! सरकारनंच संमतीचा दाखला दिल्यासारखं. गव्हर्नर जनरल बेंटिंकच्या १८२९ च्या कायद्यानं हे मोडलं. त्यात स्पष्ट होतं : बाईची इच्छा असो वा नसो, मदत करणारा सदोष मनुष्यवधाचा गुन्हेगार. १९८७ ला राजस्थानात देवराळ्याला अठरा वर्षांची मुलगी जळाली तेव्हाही जमलेले लोक तेच म्हणत होते, 'ती स्वतः बसली.'

आणि हा अपवाद ५ मुळात मेकॉलेच्या डोक्यातला. भादंविच्या १८३७ च्या मसुद्यावरच्या टिपणात तो उदाहरणं देतो : जखमी मित्राच्या विनवणीवरून त्याला यातनांतून सोडवणारा शिपाई, आणि लुटारू अब्रू घेतील म्हणून घरातल्या बायकांना त्यांच्याच विनवणीवरून भोसकणारा उच्चकुलीन हिंदी पुरुष. म्हणजे हे लिहिणाऱ्याच्या नजरेसमोर आपल्याकडच्या बायका होत्याच. फक्त त्यांनी खरंच विनवणी केली होती का, हे त्याला त्या पुरुषाकडूनच कळणार होतं.

अनगोळचा_बाळू

संमती म्हटलं की टिळक-आगरकर आलेच पाहिजेत. १८९१ चा संमतिवयाचा कायदा. टिळकांनी विरोध केला होता.

पोथीवाला

बाळू, त्यांचा विरोध परक्या सरकारनं कायदा करण्याला होता, असं त्यांची बाजू घेणारे म्हणतात. आगरकर 'सुधारक'मधून उलट बाजूनं. पण मूळ कारण विसरू नका. १८९० ला कलकत्त्यात फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी पस्तिशीच्या नवऱ्यामुळे मेली. तेव्हा संमतीचं वय दहा होतं आणि ती नवऱ्याची बायको, त्यामुळे बलात्कार नाही, खूनही नाही. एक वर्ष सक्तमजुरी. मग वय बारा केलं. त्या बारासाठी पुण्यात सभा उधळल्या गेल्या.

अनगोळचा_बाळू

टिळकांबद्दल एक शब्द ऐकून घेणार नाही. त्यांच्यामुळे गणपती आहे, गणपतीमुळे आपण सीमाभागात मराठी म्हणून उभे आहोत.

शहापूर_पेठ

आला गणपती. आता मिरवणुकीतल्या फलकाच्या भाषेवर येऊ द्या, म्हणजे दोनशे प्रतिसाद होतील.

संपादक

शहापूर पेठ आणि बाळू, सीमाप्रश्नाला वेगळा धागा आहे, एक नाही सतरा आहेत. इथं नको.

सौंदत्तीहून

सीमाप्रश्न नको, पण सीमेवरचंच सांगते. आमच्या डोंगरावर यल्लम्माला मुली सोडायचे. मुलगी काय म्हणणार, 'देवीनं बोलावलं.' आईबाप काय म्हणणार, 'तिची इच्छा.' कर्नाटकचा १९८२ चा देवदासी बंदीचा कायदा वाचा. त्यात स्वच्छ लिहिलंय की त्या बाईनं संमती दिली असो वा नसो, सोडणं बेकायदा. कारण कायदा करणाऱ्यांना माहीत होतं, जिला दुसरी वाटच ठेवली नाही तिचं हो म्हणजे काय असतं. आमच्या जिल्ह्याला हे आधीच कळलेलं आहे. मग नवऱ्यानं किंवा मित्रानं मारलं की आम्हाला तिची संमती कशाला लागते?

मलप्रभा

सौंदत्तीहून, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. भाच्याला वाचून दाखवलं. त्यानं वहीत लिहून घेतलं.

दुभाषी

बरेच दिवस लिहू की नको करत होते.

काही वर्षांपूर्वी शेजारच्या मुलीच्या प्रकरणात माझा जबाब झाला. (ती वाचली. म्हणून सांगू शकतेय.) त्या घरातून रात्री ओरडणं ऐकू यायचं. एका रात्री ती आमच्या दारात आली, गळ्याला ओढणी घट्ट धरून. नंतर पोलीस आले. मी मराठीत सांगितलं, "ती नको नको म्हणत होती, मग गप्प बसली." लिहिणारा कन्नड. चांगला माणूस होता, पाणी वगैरे दिलं. लिहून झाल्यावर मला वाचून दाखवलं. मला कन्नड बोलता येतं, सही करण्यापुरतं वाचताही येतं. त्यात होतं 'ओप्पिकोंडळु'. म्हणजे तिनं मान्य केलं.

मी म्हटलं, साहेब, गप्प बसली म्हणाले मी, मान्य केलं नाही म्हणाले. ते म्हणाले, तेच की अम्मा, गप्प बसली म्हणजे ओप्पिकोंडळु. मी सही केली नाही तोवर. दोनदा खाडाखोड झाली. मला येत होतं म्हणून. माझ्या सासूबाईंना विचारलं असतं तर त्यांनी अंगठा दिला असता.

शहापूर_पेठ

मी घरी कन्नड बोलतो, इथं मराठीत लिहितो, दोन्हीकडचे शिव्या देतात, सवय आहे. दुभाषी ताई, तिथं 'सुम्मनिद्दळु' पाहिजे होतं. गप्प राहिली. ओप्पिकोंडळु शंभर टक्के चूक. आणि हे कन्नड-मराठीचं भांडण नाही हो. मराठी हवालदार असता तरी त्यानं 'तयार झाली' लिहिलं असतं. पैज लावा.

दुभाषी

पैज नाही लावत. हराल तुम्ही असं वाटत नाही.

कोर्टकाका

दुभाषी यांच्या प्रतिसादावर. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदारानं सही करायचीच नसते, सक्ती तर नाहीच. हे लोकांना कोणी सांगत नाही. आणि कोर्टात साक्ष द्याल तेव्हा, जुन्या सीआरपीसीच्या (फौजदारी प्रक्रिया संहितेच्या) कलम २७७ पासूनचा नियम आहे, साक्षीदार कोर्टाच्या भाषेत बोलत नसेल तर शक्य असल्यास त्याच्याच भाषेत नोंद घ्यावी, नाहीतर खरं भाषांतर जोडावं. 'शक्य असल्यास' या दोन शब्दांत सगळं बुडतं. पुढे अपील धारवाडच्या खंडपीठापुढे जातं तेव्हा तिथं इंग्रजी भाषांतर वाचतात. मराठी ते कन्नड ते इंग्रजी. एवढ्या उतारावरून गप्प बसणं गडगडत गेलं की खाली 'कन्सेंट' होऊन पोचतं. माझ्या हातून अशा दोन केसेस गेल्यात. एकीत मी आरोपीचा वकील होतो. काय केलं ते विचारू नका.

वडगावची_वहिनी

विचारतेय. काय केलं?

कोर्टकाका

भाषांतर जसं होतं तसं वाचून दाखवलं. माझं काम तेच होतं.

वडगावची_वहिनी

हं.

पोथीवाला

मथुरा नावाच्या मुलीवरच्या बलात्काराचं प्रकरण आठवलं. देसाईगंजचं पोलीस ठाणं, १९७२. सुप्रीम कोर्टानं १९७८ ला म्हटलं, अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे मर्जी असावी. त्यावर चार प्राध्यापकांनी उघडं पत्र लिहिलं, देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ ला कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात बाई नाही म्हणाली तर संमती नव्हती असं धरायचं. पण त्यासाठी तिला ते सांगायला जिवंत असावं लागतं.

निपाणीकडचा

जखमा नाहीत म्हणून संमती, आणि इंग्लंडात चाळीस जखमा म्हणूनही संमती. मग नसते कधी?

कोर्टकाका

निपाणीकर, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं.

एक तांत्रिक गोष्ट सांगायची राहिली, महत्त्वाची आहे. बलात्कार, विनयभंग अशा खटल्यांत बाईचा पूर्वीचा शरीरसंबंध, चारित्र्य हे संमतीच्या प्रश्नावर काढता येत नाही, २०१३ पासून पुराव्याच्या कायद्यात तसं आहे. पण ती बंदी त्या त्या कलमांची यादी देऊन घातलेली आहे, आणि यादीत खून नाही. म्हणजे तिच्यावर अत्याचार झाला तर तिचे चॅट झाकलेले, आणि ती मेली व आरोप फक्त खुनाचा लागला तर त्या कलमाचं पांघरूण तिच्यावर नाही. न्यायाधीश आपल्या अखत्यारीत थांबवू शकतात, थांबवतातही. पण ते त्यांच्यावर.

वडगावची_वहिनी

आणि लग्नाची बाई असेल तर तिला विचारायचंच कशाला, असंही आहे ना? छत्तीसगडचा निकाल, फेब्रुवारी २०२५. जगदलपूरची बाई, नवऱ्यानं केलेल्या कृत्यानंतर २०१७ ला दवाखान्यात गेली, मरायच्या आधी मॅजिस्ट्रेटपुढे सांगून गेली. खालच्या कोर्टानं दहा वर्षं दिली होती. हायकोर्ट म्हणालं, बायको पंधराच्या आतली नसेल तर नवऱ्याच्या बाबतीत तिच्या संमतीचा प्रश्नच येत नाही. सुटला. ती तर बोलून गेली होती.

उलट आपल्याच कर्नाटक हायकोर्टानं २०२२ ला म्हटलं होतं की पुरुष तो पुरुष, कृत्य ते कृत्य, बलात्कार तो बलात्कार, नवऱ्यानं केला म्हणून बदलत नाही. आता सगळं सुप्रीम कोर्टात लटकलंय.

खानापूरकर

मी पहिल्याच प्रतिसादात 'आपल्याकडं असलं कोण सांगणार' म्हणालो होतो. तीन दिवस वाचालोय हे सगळं. एक सांगतो.

आमच्या बाजूला, जंगलाच्या कडेला, गाव सांगत नाही, मी दहा-बारा वर्षांचा असताना एक नवी सून गेली. नवऱ्याच्या घरचे म्हणाले, साप चावला. आमच्याकडं साप चावतातच, कोणाला शंका येणार? आजी तिला आंघोळ घालायला गेली होती. परत आली आणि आईला म्हणाली, "सापाला बोटं असत्यात काय गं?" एवढंच. परत कधी बोलली नाही. मला त्याचा अर्थ लग्न झाल्यावर कळला.

तेव्हा आमच्याकडं 'ती हो म्हणाली होती' असं कोण सांगत नाही हे खरं. कारण तेवढं सांगायची पाळीच येत नव्हती. साप, स्टोव्ह, विहीर.

कोर्टकाका

खानापूरकर, तुमच्या आजीला मानलं. सुप्रीम कोर्टाचा २००६ चा एक निकाल आहे, नांदेड जिल्ह्यातला. तिथंही सासरच्यांनी साप चावला असंच कळवलं होतं. शवविच्छेदनात गळा दाबलेला निघाला. कोर्टानं सांगितलं, घराच्या चार भिंतींत बाई मेली आणि नवरा तिथं होता, तर काय झालं याचा खुलासा त्यानंच द्यायचा. खोटा दिला तर तो त्याच्याविरुद्धच्या साखळीतली कडी. सन्मानानं सांगतो, त्या निकालानं आमच्यासारख्या बचावाच्या वकिलांची फार पंचाईत केली. आणि बरं केलं.

मूळ प्रश्नाला त्यामुळे उत्तर असं : अपवाद आहे हे दाखवायचा भार आरोपीवर. नुसतं 'ती म्हणाली' पुरत नाही. पण त्याला संशयाच्या पलीकडे सिद्ध करावं लागत नाही, पटण्यासारखं दाखवलं की झालं. आणि आता त्याच्या हाताशी तिचा मोबाईल असतो.

कुंदा_प्रेमी

मोबाईलमध्ये तिनं लिहिलेलं असेल तर ते तिचंच म्हणणं की. उपयोगाचं नाही का?

पोथीवाला

दोन्हीकडे चालतं ते. पुण्याचं सारडा प्रकरण, सुप्रीम कोर्ट १९८४. सून विषानं गेली. तिनं बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रं कोर्टात आली. मेलेल्या बाईचं म्हणणं म्हणून ती ग्राह्य धरली. त्या पत्रांतलं दुःख वाचून कोर्टानं ठरवलं की तिनं स्वतःच जीव दिला असण्याची शक्यता आहे. नवरा सुटला. त्यानं छळल्याचं तिनं लिहिलं, आणि ती दुःखी होती या कारणानं तो सुटला.

सरकारी_दवाखाना

म्हणून मी बायकांना सांगते, घसा बसला असेल तर कशानं बसला ते केसपेपरवर लिहून घ्यायला लावा. तारीख, वेळ, कोणाचे हात. डॉक्टर कंटाळा करत असेल तर तिथंच बसून राहा. मेल्यावर नाही, जिवंत असताना बोललेलं लागतं.

दुभाषी

आणि ते कुठल्या भाषेत लिहिलंय ते वाचून बघा.

मलप्रभा

उशिरा लिहितेय. भाच्याची परीक्षा झाली. 'अपवाद ५ सोदाहरण स्पष्ट करा', दहा मार्कांना आलाच. म्हटलं, काय लिहिलंस? म्हणाला, पाटण्याचाच निकाल लिहिला, दुसरं कुठं शिकवलंय? पण शेवटी स्वतःची दोन वाक्यं घातली म्हणे, की या संपूर्ण निकालात बायको काय म्हणाली ते आहे, पण तिच्या तोंडून एकही शब्द नाही, आणि सौंदत्तीच्या कायद्यासारखी तरतूद इथंही असायला हवी.

मी म्हटलं, मार्क कापतील रे.

म्हणाला, कापू देत.

निपाणीकडचा

निकाल लागला की कळवा. पास झाला तर कुंदा माझ्याकडून, शहापूरचा.

कुंदा_प्रेमी

नापास झाला तरी पाठवा. बायको नाही अजून त्याला, भीती नाही.

वडगावची_वहिनी

कुंदा प्रेमी, हे दुसऱ्यांदा.

कुंदा_प्रेमी

चुकलं वहिनी. काढून टाकता येतंय का बघतो.